इंदूर, ६४८ किलोहर्ट्झ : प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार

वाचनालयाच्या बैठकीत विषय निघाला. आकाशवाणीचं इंदूर केंद्र २२ मे १९५५ ला सुरू झालं, रविवार होता. म्हणजे येत्या मे महिन्यात ७० वर्षं. त्या संध्याकाळी आपल्या हॉलमध्ये कार्यक्रम आणि जुन्या रेडिओंची मांडणी करायची, इथवर सगळ्यांचं एकमत. अध्यक्षकाकांना स्मरणिका हवी होती: उद्‌घाटनाचे फोटो, केंद्र संचालकांची यादी, मान्यवरांचे संदेश. मी म्हटलं, ती कुणीही काढील आणि कुणीच वाचणार नाही. त्यापेक्षा १९६५ ते ७५ च्या दरम्यानचा एक दिवस उभा करू, सकाळच्या संकेतधुनीपासून रात्रीची सभा, म्हणजे प्रसारणाचं शेवटचं सत्र, संपेपर्यंत. आणि तो माळवा हाउसच्या, म्हणजे केंद्राच्या इमारतीतल्या, स्टुडिओतून बघायचा नाही, इंदूरच्या मराठी घरातल्या फडताळावरून बघायचा. काका म्हणाले, "कर बाई, पण संदेश दोन-तीन तरी घे."

घेईन.

कामं तीन: लोकांशी बोलणं, घराघरांतले कागद बाहेर काढणं, ट्रान्झिस्टरच्या आधीचा, काचेच्या वाल्व्हवर चालणारा एक तरी रेडिओ सेट बोलता करणं. आवाजाची जोडणी भाची बघणार आहे. तिला रेडिओ म्हणजे गाडीतलं एफएम, तेव्हा आधी तिची शिकवणी.

१९ जानेवारी, रविवार

सनावळी पक्की केली. फाळणीच्या आधी ऑल इंडिया रेडिओची नऊ केंद्रं होती. लाहोर, पेशावर, ढाका तिकडे गेली आणि आपल्याकडे सहा राहिली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ, तिरुचिरापल्ली. त्याशिवाय संस्थानांची पाच: म्हैसूर, त्रावणकोर, हैदराबाद, औरंगाबाद, बडोदे. या यादीत होळकर नाहीत. गायकवाडांनी रेडिओ केला आणि आपण नाही, हे अध्यक्षकाकांना ऐकवलं तर म्हणाले, "आपण क्रिकेट केलं." तेही खरंच. होळकर संघानं रणजी करंडक चारदा जिंकला.

नागपूर केंद्र जुलै १९४८ चं. तेव्हा ते मध्य प्रांत-वऱ्हाडात. इंदूर होतं मध्यभारत राज्यात, ज्याची हिवाळी राजधानी ग्वाल्हेर आणि उन्हाळी इंदूर. १९५५ मध्ये केंद्र मिळालं ते उन्हाळी राजधानीला. ग्वाल्हेरकरांना १९६४ पर्यंत थांबावं लागलं. (तिथले नातेवाईक हा विषय काढू देत नाहीत.) ३१ ऑक्टोबर १९५६ ला भोपाळ केंद्र सुरू झालं, दुसऱ्या दिवशी नवा मध्य प्रदेश अस्तित्वात आला आणि नागपूर मुंबई राज्यात गेलं. थोडक्यात, इंदूर केंद्राचं पहिलं दीड वर्ष अशा राज्यात गेलं जे आज नकाशावर नाही.

हे सगळं छापील आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. १९५५ च्या आधीही इंदुरात घरोघरी नाही तरी वाड्यावाड्यांत रेडिओ होते. ते लोक काय ऐकत होते, आणि केव्हा?

२ फेब्रुवारी, रविवार

रामबागेतल्या काकूंकडे गेले. वय ८४, माहेर पुण्याचं, लग्न होऊन १९६२ साली इंदुरात आल्या. पोहे झाले, चहा झाला, मग रेकॉर्डर लावला.

"दुपारी पुणं कुठलं लागायला गं! दुपारी इंदूर. खणखणीत, बाजूच्या खोलीतून बोलल्यासारखं. दिवेलागण झाली, तुळशीपाशी दिवा लावला, की मग पुणं यायचं. आधी नुसती खरखर. मग कुणीतरी बोलतंय एवढं कळायचं. मग एकदम स्वच्छ, माहेरचं माणूस दारात उभं राहिल्यासारखं. आणि नाटकात ऐन वेळी गेलं की गेलं."

आणि मग, मी न विचारता: "थंडीत लवकर यायचं. उन्हाळ्यात ह्यांची जेवणं झाली तरी पत्ता नसायचा. आषाढात तर कडकड, कडकड, ऐकवायचं नाही. मी काय सांगून राहिले, लिही ते."

घरात सेट एकच, बैठकीत, सासऱ्यांच्या आरामखुर्चीशेजारी. सासऱ्यांची देपालपूरकडे शेती. संध्याकाळी इंदूरवर शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागायचा, नंदाजी-भेराजी. तेव्हाच पुणं यायला लागायचं. "सासऱ्यांसमोर काटा कोण हलवणार?" पुढे भावानं ट्रान्झिस्टर पाठवला. तो स्वयंपाकघराच्या खिडकीत बसला आणि घरात दोन केंद्रं एकाच वेळी वाजू लागली: बैठकीत माळवी, चुलीपाशी मराठी. खिडकीत ट्रान्झिस्टर कसा ठेवायचा तेही त्यांना पाठ. एका बाजूला तोंड केलं तर पुणं, वळवला तर गायब.

याआधी मी तिघांशी बोलले होते. त्यांनी मला गाणी सांगितली, निवेदकांची नावं सांगितली, "तो जमाना वेगळा होता" हेही सांगितलं. काकूंनी वेळा सांगितल्या. मला हेच हवं होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

टिळक नगरातल्या निवृत्त अभियंत्यांकडे काकूंचं बोलणं वाजवून दाखवलं. यांची सगळी नोकरी ट्रान्समीटरवर झाली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "बाईंना आयनोस्फिअर पाठ आहे."

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत. मध्यम लहर दिवसा जमिनीला धरून जाते, तिला भूलहर म्हणायचं. जमीन जितकी ओलसर आणि वाहक, तितकी ती लांब पोचते. माळव्याची काळी माती यासाठी चांगली, खडकाळ मुलूख वाईट. वर आकाशात गेलेला भाग दिवसा वाया जातो, कारण साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर सूर्यप्रकाशानं तयार झालेला, आयनोस्फिअर म्हणतात त्यातला सर्वांत खालचा 'डी' थर तो शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो. मग लहर आणखी वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरवर उतरते. मुंबई आणि पुणे इंदूरपासून सरळ रेषेत साधारण ५०० किलोमीटर, नागपूर ३७५ च्या आसपास. दिवसा भूलहरीला हे अंतर आवाक्याबाहेर, रात्री आकाशलहरीला सोपं. जळगाव त्यातल्या त्यात जवळ, २०० च्या आत, पण मध्ये सातपुडा.

काकूंचं "थंडीत लवकर" तंतोतंत बरोबर. इंदुरात जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या आधी मावळतो, जूनअखेर सव्वासातच्या सुमारास. आषाढातली कडकड म्हणजे विजा. शेकडो किलोमीटरवर पडलेली वीजही मध्यम लहरीवर ऐकू येते. ऐन वेळी जाणारं नाटक म्हणजे फेडिंग. एकाच केंद्राच्या लहरी दोन वाटांनी पोचतात, कधी एकमेकींना जोर देतात, कधी मारतात. आणि ट्रान्झिस्टरची दिशा ही आतल्या फेराइटच्या अँटेना-कांडीची करामत. कांडी केंद्राच्या दिशेला आडवी असली तर सिग्नल भरपूर, टोक केंद्राकडे केलं तर जवळजवळ शून्य.

इंदूर केंद्राची लहर ६४८ किलोहर्ट्झ, म्हणजे सुमारे ४६३ मीटर. एवढ्या लहरीसाठी पाव लांबीचा मनोरा करायचा तर ११६ मीटर लागतो. शिवाय मनोऱ्याच्या बुडाशी जमिनीत तांब्याच्या तारांचं जाळं पुरायचं, त्याशिवाय मनोरा अर्धाच. भाचीला मनोऱ्याच्या उंचीचं नवल वाटलं. एफएमला एवढं लागत नाही, तिथे लहरच तीन मीटरची.

माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं. १९५५ पूर्वी इंदुरात मध्यम लहरीचा रेडिओ हे मुख्यतः रात्रीचं प्रकरण होतं. दिवसा लघुलहरीवर दिल्ली-मुंबई धरायची, आणि ती धरणारा माणूस घरात एखादाच. इंदूर केंद्रानं या शहराला दिवसाचा रेडिओ दिला. मराठी घरांत त्याचा अर्थ असा झाला की दिवस हिंदीचा आणि माळवीचा, रात्र मराठीची. कार्यक्रमाची मांडणी यावरच करायची.

२३ फेब्रुवारी, रविवार

कागद यायला लागले. लोकमान्य नगरातून रेडिओ लायसन्सचं पुस्तक आलं. तरुण मंडळींना हे सांगून खरं वाटत नाही: रेडिओ घरात ठेवायला परवाना लागायचा, तो पोस्टातून मिळायचा, घरगुती सेटला वर्षाला १५ रुपये. पुस्तकात दर वर्षी तिकीट चिकटवून त्यावर शिक्का. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत टप्प्याटप्प्यानं संपली. आमच्या कामाला हे पुस्तक म्हणजे खजिना. सेटची कंपनी, घराचा पत्ता, कोणत्या वर्षी नूतनीकरण चुकलं, सगळं त्यात आहे. या घरात एका वर्षीचं तिकीट नाही. आजोबा म्हणाले, त्या वर्षी थोरलीचं लग्न होतं.

दोन सेटही आले. एकाच्या काचेच्या डायलवर शहरांची नावं छापलेली: दिल्ली, बॉम्बे, लखनौ, लाहोर, डाक्का. इंदूर नाही, नागपूरही नाही. हा फाळणीच्या आधीचा. तो चालू करायचा नाही, डायल वाचता येईल असा उजेडात ठेवायचा. दुसरा सहाव्या दशकातला, लाकडी पेटीचा, मॅजिक आय (केंद्र नेमकं लागलं की नाही ते दाखवणारा हिरवा दिवा) असलेला. हा बोलका करायचा.

अभियंत्यांनी एक गोष्ट लक्षात आणून दिली. डायलवरच्या आकड्यांवरून वर्ष काढताना २३ नोव्हेंबर १९७८ ही तारीख ध्यानात ठेवायची. त्या दिवशी आशिया, युरोप, आफ्रिकेतल्या मध्यम लहर केंद्रांना नऊच्या पटीतल्या जागा दिल्या गेल्या. ६४८ म्हणजे ७२ गुणिले ९. तेव्हा कुणी मला १९६० सालच्या आठवणीत "सहाशे अठ्ठेचाळीस" म्हणालं तर तो आकडा नंतर चिकटलेला आहे. आणि आपण दाखवतोय तो दिवस त्याआधीचा, म्हणून तक्त्यावर किलोहर्ट्झ लिहायचेच नाहीत. शीर्षकात राहू देत, त्यानंच लोक ओळखतात.

८ मार्च, शनिवार

जेल रोडवर मोबाइलच्या दुकानांच्या गर्दीत एक चाचा अजून वाल्व्हचे सेट उघडतात. त्यांनी मागचा पुठ्ठा काढला आणि पहिला प्रश्न विचारला, "ट्रान्सफॉर्मर है ना?" होता. हा प्रश्न महत्त्वाचा. त्या काळच्या एसी-डीसी सेटमध्ये वाल्व्हची फिलामेंट्स मालिकेत जोडून थेट घरच्या विजेवर चालवायचे, त्यामुळे आतल्या पत्र्यावरच वीज येऊ शकायची. अशा सेटला मागून दुसरं उपकरण जोडणं म्हणजे जिवाशी खेळ. आपला ट्रान्सफॉर्मरवाला.

मग त्यांनी सिरीज बल्ब लावला. शंभरचा दिवा सेटच्या वाटेत. आत शॉर्ट असेल तर दिवा भकभकतो, सेट वाचतो. दिवा जरा उजळला आणि मंद झाला. चाचा खूश. तरीही लगेच पूर्ण वीज दिली नाही. कागदी कपॅसिटर सगळे बदलायचे, विशेषतः ईएल८४ या स्पीकर चालवणाऱ्या वाल्व्हच्या ग्रिडवरचा. तो गळका असला तर वाल्व्ह तापून आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाळतो, आणि तो ट्रान्सफॉर्मर आता मिळत नाही. मोठा फिल्टर कपॅसिटर सुकलेला, तोही नवा. जुन्याची नळी पोकळ करून नवा आत बसवला, म्हणजे वरून मूळचंच दिसेल. हे त्यांनी मी न सांगताच केलं. वाल्व्ह मात्र सगळे ठीक, ईसीएच८१ सकट.

बाजारात एलईडीचे दिवे आणि चार्जर यांनी मध्यम लहरीवर अशी घरघर मांडली आहे की दुकानात बसून काही ऐकणं शक्य नाही. आम्हाला ते करायचंही नाही. बैठकीत कुणीतरी सुचवलं होतं की छोटा एएम ट्रान्समीटर बनवून हॉलपुरतं 'केंद्र' चालवू. परवान्याशिवाय प्रक्षेपण बेकायदेशीर, मग ते एका हॉलपुरतं का असेना. गरजही नाही. या सेटच्या मागे ग्रामोफोनसाठी पिकअपच्या दोन भोकांचं सॉकेट आहे. तिथून आवाज सोडला की तो त्याच वाल्व्हमधून, त्याच स्पीकरमधून, त्याच लाकडाच्या पेटीतून येतो.

१६ मार्च, रविवार

रंगपंचमी बुधवारी. गेरच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, तयारीत राजवाड्याकडचे रस्ते आत्ताच गजबजलेत, म्हणून आज छत्रीबागेतच एका गवयांच्या घरी. वडील आकाशवाणीवर गायचे. एका जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत त्यांची करारपत्रं नीट लावून ठेवलेली: तारीख, कोणत्या सभेत, किती मिनिटं, मानधन. राग आधी कळवावे लागत. आकाशवाणी कलाकारांना श्रेणी देते; 'बी' वरून 'बी हाय' मिळाली तेव्हाचं पत्र वेगळ्या पाकिटात.

या कागदांत पेटीचा उल्लेख कुठेच नाही, आणि तो नसणारच. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी होती, ती संगतीपुरती उठली १९७० नंतर. म्हणजे इंदूर केंद्राची पहिली पंधरा वर्षं स्टुडिओत पेटी नाही. संगतीला सारंगी. ज्या समाजाचं नाट्यसंगीत ऑर्गन आणि पेटीवर वाढलं त्या समाजातल्या गायकांना हे किती अडचणीचं झालं असेल! गवयांच्या चिरंजीवांनी सांगितलं, "बाबा घरी पेटीवर रियाज करायचे आणि कार्यक्रमाच्या आधी आठ दिवस पेटी कपाटात. कानाला सवय सोडवायची म्हणायचे." मला हे फार आवडलं. कार्यक्रमातलं गाणंही पेटीशिवायच ठेवू.

केंद्र सुरू झालं तो काळ बाळकृष्ण केसकरांचा. १९५२ ते ६२ ते माहिती आणि प्रसारण मंत्री. हा पुण्याचा मराठी माणूस शास्त्रीय संगीताचा कैवारी आणि सिनेगीतांचा वैरी. सिनेमाची गाणी त्यांनी जवळपास हद्दपार केली, त्याजागी सुगम संगीत, लोकसंगीत, शनिवारी रात्री संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम. लोकांनी काय केलं? काटा रेडिओ सिलोनवर नेला. बिनाका गीतमाला १९५२ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि बुधवारची रात्र अमीन सयानींची झाली. सरकारला शहाणपण यायला १९५७ उजाडावं लागलं, तेव्हा ३ ऑक्टोबरला विविध भारती आली. केसकरांना हसणं सोपं आहे. पण त्यांच्याच धोरणामुळे नुकत्याच उघडलेल्या इंदूर केंद्राला दिवसाचे तास भरायला गावातले गवई, माळवीतले गाणारे आणि नाटकवाले शोधावे लागले. ट्रंकेतली करारपत्रं त्यातूनच आली. सिनेमाच्या तबकड्या मोकळेपणी वाजवता आल्या असत्या तर 'बी हाय' चं ते पाकीटही नसतं, असं माझं मत.

३० मार्च

पाडवा. गुढी, श्रीखंड, झोप.

१२ एप्रिल, शनिवार

नंदाजी-भेराजी. या जोडीवर ज्याच्याशी बोलावं तो सैल होतो. ग्रामसभेच्या कार्यक्रमात दोघे शेतकरी माळवीत गप्पा मारायचे, आणि त्या गप्पांतून बियाणं, खत, हवामान, बाजारभाव, सरकारी योजना घरात यायच्या. मुळात पद्धत देशभर होती. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रावर शेतकरी श्रोता मंडळांचा प्रयोग झाला, १५० गावांत लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचे आणि मग त्यावर चर्चा. हरितक्रांतीच्या वेळी, १९६६ पासून, केंद्रांवर शेतीसाठी खास विभाग आले. पण कागदावरची योजना ऐकण्यासारखी करतो तो बोलणारा. इथे दोघे होते, आणि त्यातला एक थोडा हट्टी. हट्टी माणसाला समजावताना ऐकणाऱ्यालाही समजतं.

मराठी घरांत हा कार्यक्रम कोण ऐकायचं? शेती असलेले, हे उघड. न अपेक्षिलेलं उत्तर सुदामा नगरच्या एका आजींनी दिलं. त्या शिक्षिका होत्या, शेतीशी संबंध शून्य. "माळवी मला नंदाजी-भेराजीनं शिकवली. भाजीवालीशी, दूधवाल्याशी मी पुस्तकी हिंदी बोलायचे, ते हसायचे." हा धागा काकूंच्या सासऱ्यांइतकाच महत्त्वाचा. बैठकीतला आवाज फक्त पुण्याच्या आड येत नव्हता.

मूळ ध्वनिमुद्रण वाजवायचं तर रीतसर परवानगी हवी. अर्ज दिलाय, पण कार्यक्रम त्यावर अवलंबून ठेवणार नाही. त्याच घाटाचा नवा दहा मिनिटांचा संवाद आम्हीच लिहवून घेतोय, सोयाबीनऐवजी ज्वारी-कपाशीवर, कारण तेव्हा माळव्यात सोयाबीन आजच्यासारखं पसरलं नव्हतं. लिहिणारे शेजारचे निवृत्त मास्तर, घरची भाषा माळवी. त्यांना मी सांगितलं, पात्रांची नावं वेगळी ठेवा. नंदाजी-भेराजी दुसऱ्यांचे आहेत.

२६ एप्रिल, शनिवार

दिवसाचा तक्ता. नियम केला: जी वेळ दोन वेगळ्या घरांनी सांगितली किंवा कागदावर सापडली तीच लिहायची. बाकी नुसता क्रम.

सकाळी संकेतधून, वॉल्टर कॉफमन यांच्या नावावर सांगितली जाणारी, शिवरंजनीच्या सुरांची. वंदे मातरम्. मंगलध्वनी, बहुधा सनई. भजनं. आठला दिल्लीच्या हिंदी बातम्या, त्याआधी वेळेचे टिक्-टिक्. या ठोक्यांवर घड्याळ लावणं हा जवळजवळ प्रत्येक घरातला विधी, आणि मिलच्या भोंग्याशी ते जुळतात की नाही यावर वाद. परदेशीपुऱ्याकडचे लोक भोंग्याचे, रामबाग-छत्रीबागेतले रेडिओचे. संस्कृत बातम्या सगळ्यांना आठवतात, पण त्या जून १९७४ पासूनच्या. तक्त्यात अगदी शेवटच्या वर्षातच बसतात. दुपारी बायकांचा कार्यक्रम, लोकगीतं. ही सभा सर्वांत कमी आठवणींची. घरातली कामं आटोपून जरा पडायची वेळ, रेडिओ चालू असायचा आणि ऐकलं जायचं नाही. म्हणून तिच्यावर मी दोनच ओळी ठेवल्या. संध्याकाळी युववाणी (दिल्लीत १९६९ ला सुरू, म्हणून हीसुद्धा उत्तरार्धात), मग ग्रामसभा. पावणेनऊला पुन्हा दिल्ली. साडेनऊच्या पुढे गुरुवारी नाटक, शनिवारी संगीत.

क्रिकेटचं समालोचन या तक्त्यात बसत नाही, ते आलं की तक्ताच मोडतो. पण सुशील दोशी इंदूरचे, हिंदी समालोचनाचा हा आवाज देशभर गेला, २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांना वगळलं तर हॉलमध्ये माझं काही खरं नाही. बाजूला वेगळा फलक.

आणि दुसरा तक्ता, मी याला 'अंधार पडल्यावरचा' म्हणते: मुंबई, पुणे, नागपूर. बातम्या, नाटक, भावगीतं. अरुण दाते इथलेच, रामूभैया दात्यांचे चिरंजीव, पण त्यांचं भावगीत इंदूरच्या घरात यायचं ते मुंबईवरून, फेडिंगसकट.

४ मे, रविवार

भाचीनं सगळे आवाज १०० ते ४५०० हर्ट्झमध्ये छाटले. नऊ किलोहर्ट्झच्या चौकटीत एका केंद्राच्या आवाजाला वर साडेचारच मिळतात. सनई यातून तगते. तानपुऱ्याची झळाळी जाते. 'स' आणि 'फ' एकसारखे होतात, म्हणून जुने निवेदक तोंड भरून, सावकाश बोलायचे. ते काही नुसतं शिस्तीपोटी नव्हतं.

फोनच्या दोन वाहिन्या दोन रेझिस्टरनी एक करून, मध्ये एकास-एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर ठेवून पिकअपला जोडल्या. रेडिओच्या पेटीतून पहिला आवाज आला तेव्हा भाचीनं विचारलं, "हे फिल्टरशिवायही असंच वाटलं असतं का?" फिल्टर काढून वाजवलं. नाही वाटलं.

रात्रीच्या भागासाठी तिनं आवाज हळूहळू कमी-जास्त केला होता. अभियंते म्हणाले, हे फेडिंग नव्हे, हे कुणीतरी बटण फिरवतंय. खरं फेडिंग वेगवेगळ्या कंप्रतांवर वेगवेगळ्या क्षणी येतं, आणि मूळ वाहक लहर खचली की आवाज बारीक होण्याआधी चिरकतो. त्यांनी तिला शेजारी बसवून तसं करून घेतलं. मराठी बातम्या जुन्या वर्तमानपत्रातून वाचल्या आहेत काकूंच्या लेकीनं.

२२ मे, गुरुवार

हॉल भरला. सूर्यास्त सातच्या सुमारास, म्हणून साडेपाचला सुरुवात केली, म्हणजे दिवसाचे तास आधी उरकतील. सकाळच्या धुनीला जुनी मंडळी बोलायची थांबली, तरुणांनी फोन काढले. पेटीविना गाणं झालं, मागच्या रांगेतून कुणीतरी "पेटी कुठंय?" विचारलंच, त्यामुळे बंदीची हकिगत सांगायला निमित्त मिळालं. मास्तरांचा माळवी संवाद ठरल्यापेक्षा लांबला, कारण लोक हसायचे थांबेनात आणि मास्तर थांबून वाट बघायचे.

सात वाजून गेल्यावर भाचीनं ज्वारी-कपाशीचा संवाद चालू असतानाच दुसऱ्या टेबलावरचा ट्रान्झिस्टर लावला. त्याच्या आत आमचीच तार. खरखर, मग लांबून मराठी. दोन्ही एकदम वाजत राहिले. लोकांनी लगेच दोन गट पाडले. बायका ट्रान्झिस्टरकडे सरकल्या, काही म्हातारे ओरडले, "ते बंद करा, इकडचं ऐकू येईना." काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हेच. रोज हेच."

अध्यक्षकाकांचे संदेश शेवटी वाचले. तीन होते.

१ जून, रविवार

उरलेलं. लायसन्सची पुस्तकं स्कॅन करून मूळ मालकांना परत द्यायची. कार्यक्रमानंतर आणखी काही घरांतून ती आली आहेत. सगळ्यांतले पत्ते झाकूनच बाहेर दाखवायची. करारपत्रांची यादी करायची, राग आणि वेळ असे दोन रकाने. राष्ट्रीय प्रसारणाचं, १९८८ मध्ये सुरू झालेल्या आणि नागपूरहून रात्रभर चालणाऱ्या १५६६ किलोहर्ट्झचं, या कामात काहीच आलं नाही. रात्रपाळीवाले ते ऐकायचे. त्यावर वेगळं बसावं लागेल.

परदेशीपुऱ्यातले एक आजोबा त्या दिवशी येऊन सांगून गेले की रामबागवाल्यांनी सगळा इतिहास आपलाच करून टाकला, मिलच्या वस्तीत चाळीत एकच सेट असायचा आणि काटा कुठे ठेवायचा ते पंचायत ठरवायची. त्यांच्याकडे तो सेट अजून आहे. पुढच्या रविवारी जायचं. चाचाही येतो म्हणालेत. सिरीज बल्ब बरोबर घ्यायचा, हा सेट एसी-डीसी असण्याची शक्यता आहे.